बेचाळिसावा दिवस

टोरोरोच्या खडकामागे सूर्य बुडाला की
आमच्या इमारतीचा जनरेटर खोकायला लागतो,
आणि मी जेलच्या खाचांमध्ये
थेंब सोडत बसते, श्वास धरून.
हात हलला तर
एकीचं रक्त दुसरीच्या नावावर जाईल.

अपियो आणि अदोंगो.
आधी आली ती अपियो, मागून आली ती अदोंगो.
आमच्यात जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात,
आईबापांना कोणी विचारत नाही.
सात वर्षांच्या. तोंडावळा एक, खोकला एक,
पडलेला दातसुद्धा एकाच बाजूचा.
न्याचवो, त्यांची आई,
मनगटातल्या मण्यांवरून ओळखते त्यांना,
आणि तरी चुकते.

माझ्याकडे त्या येतात
टपालाच्या तिकिटाएवढ्या कागदावर.
सुकलेला तपकिरी थेंब, चहा सांडल्यासारखा,
सोबत ओल शोषणाऱ्या खड्यांची पुडी.
कागदाची टिकली पाडायची, उकळायची,
निघेल ते यंत्रात घालायचं.
तापव, निवव, पुन्हा तापव,
पस्तीस वेळा.
एकाचे दोन, दोनाचे चार,
बाजारात अफवा पसरावी तसं.
मग वीज. मग अंधार.
मग जांभळा दिवा.

अदोंगोच्या रांगेत एकच रेघ.
अपियोच्या रांगेत पाच.

एका कुशीत वाढलेल्या,
एका मच्छरदाणीत झोपणाऱ्या दोघी,
आणि एकीच्या अंगात एकटाच पाहुणा,
दुसरीच्या अंगात पाच घराणी,
बारा गावचं रक्त प्यालेली.
सूक्ष्मदर्शकाखाली सगळे एका माळेचे मणी,
तीच अंगठी, तोच अंगठीवरचा खडा.
इथं मात्र ज्याची त्याची उंची निराळी.
आणि यांची लग्नं रक्तात लागतच नाहीत.
डासाच्या पोटात लागतात,
जेवण जिरायच्या आत.
तिथं अपियोचे पाचही जमले
तर पत्त्यांसारखी कुळं पिसली जाऊन
सहावा, सातवा,
ज्याला आम्ही अजून आकडा दिलेला नाही असा कुणी
निघतो पुढच्या घरी.

हे मी न्याचवोला सांगितलं नाही.
ती भुईमूग घेऊन आली होती,
विचारत होती, "जास्त कुणाला आहे?"
मी म्हटलं, गोळ्या दोघींनाही दिल्यात.

बेचाळिसाव्या दिवशी अदोंगो तापली.

फॉर्मवर दोन चौकटी असतात: जुनाच, की नवा.
जुना असेल तर गोळी हरली.
नवा असेल तर नुसती मच्छरदाणी हरली.
तिकडे कंपालात कुणीतरी
या चौकटींची बेरीज करत बसलेलं असतं.

दोन्ही दिवसांचं रक्त शेजारी शेजारी पळवलं.
तिची जुनी रेघ पुसलेली.
थोडी वर, दुसरीच एक,
अपियोच्या पाचांतली तिसरी,
केसभरही फरक नाही.

बहिणीनं बहिणीला दिलं, मला वाटलं.
मधे एक डास, एक भोक, एक रात्र.
पट्टी लावून बसले कितीतरी वेळ,
मोजण्यासाठी नव्हे, बघत.

ओकुमू इथं माझ्याआधी अकरा वर्षं रेघा मोजतोय.
खांद्यावरून वाकला, म्हणाला,
"ही उंची नागोंगेरात निम्म्या पोरांकडे आहे.
आडनाव जुळलं म्हणून कोणी भाऊ होत नाही."

खरंय.
मी 'नवा'वर खूण केली.
चौकटीत तेवढीच जागा होती.

शनिवारी सायकल त्यांच्या वाटेनं घातली.
दोघी अंगणात मच्छरदाणी पसरून
भोकं मोजत होत्या,
प्रत्येकात बोट घालून, हसत.
अदोंगो म्हणाली अठरा,
अपियो म्हणाली एकोणीस.
न्याचवो सुईत दोरा ओवत होती, उन्हाकडे तोंड करून.

मीही बसले मोजायला.
मला सतराच सापडली.